रिकाम्या होडीचा आकडा

औंढ्यात, म्हणजे माझ्या सासरच्या गावी, अजून निम्म्या लोकांना वाटतं की मी प्राणिसंग्रहालयात नोकरीला होते. याचं श्रेय माझ्या धाकट्या दिरांना. गिरणीत कोणीतरी त्यांना विचारलं, "वहिनी रोज तळेगावकडं जाऊन करती काय?" आणि त्यांनी सांगून टाकलं, "वहिनी? अस्वलाची केसं धुती."

वाक्य खोटं नाही, म्हणून मी ते कधी खोडलं नाही. फक्त ते एका आठवड्यापुरतंच खरं आहे. बाकीची सगळी वर्षं मी सांडपाणी, विहिरीचं पाणी, तांदूळ, मासे आणि मसाले तपासले. पण आता निवृत्त होऊन लोणावळ्याच्या घरात बसले की बाकी सगळं धूसर होतं आणि तो अस्वलाचा आठवडा लख्ख दिसतो. त्या आठवड्यात माझ्या हातून एक चूक झाली आणि तिच्यापायी दुसऱ्याच बाईची नोकरी जायची वेळ आली. ती गोष्ट सांगितल्याशिवाय माझ्या नोकरीबद्दल काही सांगण्यात अर्थ नाही.

नवलाख उंबऱ्याला लागून असलेल्या औद्योगिक वसाहतीत आमची प्रयोगशाळा. लोक बाटली, पिशवी, डबा घेऊन येतात आणि विचारतात, यात काय आहे? आम्ही तपासून सांगतो. माझ्याकडे पारा होता. कुठल्या वस्तूत पारा आहे आणि किती, एवढंच सांगायचं. पारा म्हटलं की लोकांना थर्मामीटर फुटल्यावर जमिनीवर पळणारी चकाकती गोळी आठवते. माझा पारा कधी दिसलाच नाही. तो तांदळात असायचा, माशात असायचा, धुरात असायचा, आणि डोळ्यांना, नाकाला, जिभेला कुठेच कळायचा नाही. म्हणूनच तर मला पगार मिळायचा.

मशीन टेबलावर मावेल एवढं. आत बोटाच्या पेराएवढ्या लांबट वाट्या जातात, त्यांना आम्ही होड्या म्हणायचो. होडीत चिमूटभर वस्तू तोलून ठेवायची. मशीन ती जाळतं, धुरातला पारा आतल्या सोन्याच्या सापळ्यात अडकतो. सोनं आणि पारा यांचं सख्य कोणत्याही सोनाराला विचारा. मग ते सोनं तापवलं की पारा सुटतो आणि मशीन तो मोजून आकडा दाखवतं. त्या खोलीत अंगावर सोनं घालून जायचं नाही असा नियम होता, त्यामुळे मंगळसूत्र मी कपाटात ठेवून आत जायची. सासूबाईंना हे पाच-सहा वर्षं मुळीच आवडलं नाही. पुढे त्याच पाहुण्यांना सांगायला लागल्या, "तिच्या मशीनच्या पोटातच सोनं हाय, अंगावर कशाला पायजे?"

रोज सकाळी पहिलं काम म्हणजे रिकामी होडी चालवायची, तिला आम्ही ब्लँक म्हणायचो. होडीत काही नाही, तर आकडाही जवळजवळ काही नाही असाच यायला हवा. तो आला तर मशीन, हवा, पाणी, भांडी सगळं स्वच्छ आहे असं धरायचं आणि मग कामाला लागायचं. काम संपलं की शेवटी पुन्हा रिकामी होडी. मधल्या मधे काही बिघडलं असेल तर ती शेवटची होडी चुगली करते. नवीन मुलं शेवटच्या होडीचा कंटाळा करतात. मी कधीच केला नाही. माझे यजमान म्हणतात की मी लग्नात अक्षतासुद्धा मोजून टाकल्या असतील. म्हणू देत.

या होड्या आणि बाटल्या धुण्याचं काम सिंधूमावशींचं. मावशी नवलाख उंबऱ्याच्याच, कंत्राटावर लागलेल्या, माझ्यापेक्षा वयानं चार-पाच वर्षांनी मोठ्या. त्या मला ताई म्हणायच्या आणि मी त्यांना मावशी. आम्लाच्या टबात भिजवलेलं भांडं काढायचं, तीनदा शुद्ध पाण्यानं विसळायचं आणि पालथं घालायचं. पुसायचं नाही. मी त्यांना हे एकदाच शिकवलं. त्यानंतर त्यांनीच नव्या मुलामुलींना शिकवलं. कोणी घाईनं फडकं घेतलं की मावशी तिथूनच ओरडायच्या, "ए, फडकं ठिव! फडक्यातलं समदं बाटलीत जातंय. पान्याला त्याचं त्याचं जाऊ दे."

गिऱ्हाइकं नाना प्रकारची. एकदा कुरवंड्याचे एक आबा टेंपोत घालून जुना टीव्ही घेऊन आले, लाकडी पेटीचा, पुढून सरकतं दार असलेला. जुन्या टीव्हीत म्हणे लाल पारा असतो आणि त्याच्या एका थेंबाला परदेशात फार भाव. ही आवई तेव्हा गावोगाव फिरत होती. मी त्यांना समजावलं की आबा, असलं काही नसतं. ते म्हणाले, "तुमी उघडून तरी बगा. टीव्ही चालत हुता तवा लय लाल दिसायचा." सिंधूमावशी हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आबा, टीव्ही कृष्णधवल हुता न्हवं?" आबा टेंपोवाल्याकडे वळून म्हणाले, "चला, उचला."

सगळेच असे हसवणारे नसत. लोणावळ्यातल्या एका हॉटेलात काउंटरवर बसणारी मुलगी गोरेपणाच्या क्रीमची डबी घेऊन आली होती. डबीवर नाव-गाव काही नव्हतं. मी तपासलं तर पारा इतका, की मशीन पुढचे दोन दिवस धुवावं लागलं. मी तिला आकडा सांगितला आणि लावणं आजपासून बंद कर म्हणाले. तिनं विचारलं, "मॅडम, मला चौथा महिना आहे. बाळाला काही होईल का?" मी म्हणाले, ते आमच्या रिपोर्टमध्ये येत नाही, डॉक्टरांना विचार. उत्तर नियमाला धरून होतं. पण तिला खुर्ची देऊन पाणी तरी विचारायला हवं होतं, ते मी केलं नाही. ती परत आली नाही, आणि पुढे काय झालं ते मला कळलं नाही. हे मला अजून टोचतं.

आता अस्वलं.

नवरात्राच्या आधी मृण्मयी नावाची एक संशोधक मुलगी आमच्याकडे आली. ती उत्तर ध्रुवाकडच्या एका परदेशी तुकडीबरोबर काम करायची. तिथल्या अस्वलांना गुंगीचं औषध देऊन शास्त्रज्ञ त्यांचं वजन घेतात, दात बघतात, केसांचा पुंजका कापतात आणि अस्वल जागं व्हायच्या आत लांब जातात. ते केस एका परदेशी प्रयोगशाळेत तपासले जात होते, पण आकड्यांवर कोणी शंका घेऊ नये म्हणून तेच केस दुसऱ्या, अनोळखी ठिकाणीही तपासून हवे होते. सगळी परवानगीपत्रं घेऊन ती आली होती. कागदी पाकिटं उघडून तिनं माझ्यासमोर ठेवली. मला वाटलं होतं केस पांढरेशुभ्र असतील. ते पिवळसर होते, जुन्या उशीतल्या कापसासारखे.

"ही आई," ती म्हणाली, "आणि हे तिचं पिल्लू. पिल्लाचे केस फार थोडे आहेत. एकदाच चालतील. पुन्हा मिळणार नाहीत."

मी विचारलं, जिथे कारखाना नाही, चिमणी नाही, माणूस नाही, तिथल्या अस्वलात पारा येतो कुठून?

तिनं जे सांगितलं ते मी पुढे घरी, माहेरी, हळदीकुंकवाला इतक्या वेळा सांगितलंय की आता ते माझंच वाटतं. आपण इकडे कोळसा जाळतो. त्यातला पारा धुरातून वर जातो आणि वाऱ्याबरोबर फिरत फिरत थंडीकडे जातो. तिथे तो बर्फावर आणि समुद्रात उतरतो. आपल्या मावळात भाताची खाचरं उतारावर एकाखाली एक असतात. वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात, तिथून त्याच्या खालच्यात. वर कोणी काही सांडलं तरी ते शेवटच्या खाचरात येऊन थांबतं. ध्रुव हे जगाचं शेवटचं खाचर आहे. तिथे पाण्यातले जिवाणू पाऱ्याचं रूप बदलतात, आणि हे नवं रूप अंगात शिरलं की लवकर बाहेर निघत नाही. ते बारीक जिवांत जातं, त्या जिवांना मासे खातात, माशांना सील खातो आणि सीलला अस्वल खातं. प्रत्येक खाणाऱ्यात खाल्लेल्या सगळ्यांचा पारा साठत जातो. सगळ्यात वर बसलेल्याच्या वाट्याला सगळ्यात जास्त.

हा पारा मेंदूवर आणि नसांवर जातो. जनावराचा तोल, नजर, शिकारीची चपळाई, रोगाशी लढायची ताकद, पिल्लं होण्याची शक्ती, या सगळ्याला त्याचा धोका. अस्वल आणि सील यांना निदान केस आहेत, थोडा पारा केसांत टाकून ते मोकळे होतात. देवमासे आणि डॉल्फिनसारखे त्यांचे दात असलेले भाऊबंद, त्यांना ती सोयही नाही. त्यांच्या यकृतात आणि मेंदूत तो राहतो. आणि या सगळ्यात नाजूक कोण, तर पोटातलं पिल्लू. आईच्या रक्तातला पारा वारेतून, नाळेच्या वाटेनं, पलीकडे जातो आणि तिथे मेंदू नुकता घडत असतो. म्हणून मृण्मयीला पिल्लाचे केस हवे होते. ते केस पिल्लू पोटात असताना उगवलेले. पिल्लानं अजून एकही सील खाल्लेला नव्हता. त्याच्या केसांत जे असेल ते आईकडून आलेलं.

ते ऐकताना मला क्रीमची डबी घेऊन आलेली मुलगी आठवली. मी मृण्मयीला म्हणाले, ठेवून जा, मी स्वतः करते.

मी ते केस खरंच धुतले, वरची धूळ आणि चरबी जावी म्हणून. वाळवले, बंद बाटल्यांत ठेवले. तोवर खंडेनवमी आली.

आमच्याकडे खंडेनवमीला सगळ्या मशीनची पूजा व्हायची. ज्याचं मशीन त्यानं पूजा करायची. पूर्वीचं पाऱ्याचं मशीन जुनं होतं, त्याला मी टेबलाच्या पायाशी दुकानातलं साधं कुंकू लावायची. पण हे नवं मशीन श्रावणात आलेलं, त्याचा पहिला दसरा. मला त्याचं कौतुक फार. म्हणून मी घरून खास डबी नेली. माझी जाऊ देवीला जाऊन आली होती, तिनं आणलेलं गडद लाल कुंकू. देताना म्हणाली होती, "हे खरं हाय बरं, हळदीचं न्हाई." मी मशीनच्या वरच्या झाकणावर पाच बोटं ठसठशीत ओढली, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. त्या झाकणाच्या बरोबर खाली होड्यांची गोल थाळी असते.

हळदीचं नाही, तर मग कशाचं? एवढं मी जावेला विचारलं नाही. जन्मभर लोकांना यात काय आहे ते सांगायचा पगार घेतला आणि घरच्या डबीला विचारलं नाही.

सिंधूमावशी पूजेच्या वेळी दारात उभ्या होत्या, नेहमीसारख्या. खोबरं घ्यायच्या, हात जोडायच्या नाहीत. त्यांचं घर बौद्ध. दुसऱ्या दिवशी दसरा म्हणजे त्यांच्या दीक्षेचा दिवस, पांढरी साडी नेसून त्या विहारात जायच्या. इतक्या वर्षांत आम्ही दोघी एकमेकींच्या दसऱ्याबद्दल कधी चार शब्द बोललो नव्हतो. तशी गरजच वाटली नव्हती, निदान मला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी होडी चालवली, आकडा ठीक आला. मग आईचे केस. आकडा आला तो बघून मी चष्मा पुसला. पुन्हा केले. पुन्हा मोठा, पण पहिल्यापेक्षा वेगळा. आमचे साहेब मागे येऊन उभे राहिले. "मॅडम, हे तर पेपरात येईल! फोन करा त्या मुलीला." माझाही हात फोनकडे गेला होता, खोटं कशाला सांगू. पण सवय वाईट असते. म्हणाले, शेवटची होडी चालवू द्या.

शेवटची होडी रिकामी होती, आणि आकडा भरलेला होता.

म्हणजे पारा केसांतला नव्हता, किंवा सगळा केसांतला नव्हता. आमच्याच खोलीतून कुठून तरी येत होता. आईचे निम्मे केस वाया गेले होते. पिल्लाचे अजून चालवले नव्हते, ही एकच देवाची कृपा.

साहेबांचा आनंद एका क्षणात उतरला. ते चांगले गृहस्थ, पण घाबरले की त्यांना लगेच कोणीतरी सापडायला लागतं. त्यांनी धुण्याच्या खोलीकडे बघितलं. "होड्या कोण धुतं? दसऱ्याची सुट्टी घेतली, घाईत धुतल्या असणार." आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "मावशी, असं काम चालत नाही. ब्लँक सुधारला नाही तर मी कंत्राटदाराला सांगतो, सोमवारपासून दुसरी बाई पाठवा."

मावशी मोरीपाशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आकड्याकडे बघत राहिले.

मी काहीही बोलले नाही. मला खात्री नव्हती म्हणून, असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं. पण आकड्याच्या बाबतीत खात्री नसेल तर मी कधी गप्प बसत नसे, उलट जास्त बोलायची. माणसाच्या बाबतीत गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी कोपऱ्यात ठेवलेलं जुनं मशीन सुरू केलं आणि एकेक गोष्ट तपासत गेले. पाणी ठीक. आम्ल ठीक. मग मावशींच्या पालथ्या बाटल्यांतल्या दहा बाटल्या घेतल्या आणि कपाटातल्या, कंपनीतून सीलबंद आलेल्या कोऱ्या दहा. दोन्हींत शुद्ध पाणी घालून ते पाणी तपासलं. मावशींच्या बाटल्या कोऱ्या बाटल्यांपेक्षा स्वच्छ निघाल्या. मला त्या क्षणी अभिमान आणि लाज दोन्ही एकदमच वाटलं.

मी धुण्याच्या खोलीत गेले. म्हणाले, "मावशी, तुमच्या बाटल्यांत काही नाही."

"ते मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. हात थांबले नाहीत.

"मग येतंय कुठून?"

त्यांनी आणखी दोन बाटल्या विसळून पालथ्या घातल्या. मग म्हणाल्या, "सांगितलं तर ऐकताल?"

"ऐकते."

"थाळीत बगा. झाकनाखाली. लाल कन पडल्यात. दसरा करून आले आन् होड्या ठिवाया गेले, तवाच दिसलं."

"मग पुसलं का नाही तुम्ही? मला का नाही सांगितलं?"

मावशींनी नळ बंद केला. पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "तुमच्या पूजेचं कुंकू मी पुसू, ताई? आन् उद्या कुनी म्हनलं, हिला देव चालत न्हाई म्हनून हिनं मुद्दाम केलं, तर? मी म्हनलं, ताई शिकलेल्या हायती. त्यास्नी ठावं आसंल काय लावलंय ते."

त्यांना राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी झाकण उघडून भिंग धरलं. थाळीच्या कडेला, होड्यांच्या शेजारी, झाकणाच्या फटीतून गळलेले बारीक लाल कण. मशीन गरम झालं, पंखा फिरला की एखादा कण कधी या होडीत, कधी त्या होडीत. पहिली होडी वाचली, शेवटची सापडली. मी डबीतलं कुंकू काडीच्या टोकावर घेतलं, कडक आम्लांत विरघळवलं, पुन्हा पुन्हा पाणी घालून पातळ केलं आणि जुन्या मशीनवर लावलं. इतकं पातळ करूनही काटा वर जाऊन बसला. डबीत हिंगूळ होता. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचंच खनिज, कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकलेलं. परीक्षेत मी त्याचं उत्तर बरोबर लिहिलं होतं.

मी ते कागद घेऊन साहेबांकडे गेले आणि मुद्दाम दार उघडं ठेवलं. जे सगळ्यांसमोर बोललं गेलं ते सगळ्यांसमोरच परत घ्यायला हवं होतं.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "पारा मी आणला. घरून, डबीत घालून. होड्या स्वच्छ आहेत."

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "मॅडम, चूक नोंदवायच्या फॉर्मवर काय लिहायचं? तपासणीवाले आले तर काय सांगू, देवीनं ब्लँक बिघडवला?"

"देवीनं नाही, मी. माझं नाव लिहा. कारण लिहा, पूजा. आणि कालचं जे मावशींना बोललात, तेही."

"ते काय फॉर्मवर लिहायचं?"

"फॉर्मवर नको. तोंडानं."

साहेब उठले, मोरीपर्यंत गेले, खिशातला रुमाल काढून उगाच कपाळ पुसलं आणि म्हणाले, "मावशी, सोमवारी या बरं का."

मावशी म्हणाल्या, "सोमवारी कशाला? काम तर आत्ता हाय."

आणि खरंच होतं. दोन दिवस आम्ही दोघींनी ती खोली धुतली. मशीनची थाळी, झाकण, नळ्या, टेबल, भिंत, पंख्याची पाती. रविवार असूनही मावशी आल्या. झेंडूचा वाळका हार मी काढला. कुंकवाची बोटं मी स्वतः ओल्या कापसानं टिपून काढली, ते काम मी त्यांच्यावर टाकलं नाही. डबीला चिठ्ठी लावून घातक कचऱ्यात दिली. जावेला सांगितलं तेव्हा ती दोन महिने रुसली होती, मग तिनं देव्हाऱ्यातलं उरलेलंही आणून दिलं.

काम करता करता मावशींनी विचारलं, "ते अस्वलाचं काय हाय तरी काय?" मी सांगितलं, कोळशापासून खाचरापर्यंत. खाचराचं ऐकून त्या थांबल्या.

"आमचं खाचर समद्यात खालचं हुतं," त्या म्हणाल्या. "वरच्यानं काय बी सोडलं की आमच्यात. आन् भात का पिवळं पडलं म्हनून बोलनी बी आमालाच." मग पात्यावरची धूळ काढता काढता, "पिल्लानं तर अजून काय खाल्लं बी न्हाई म्हनता. दुसऱ्याचा धूर आन् त्येच्या केसात. त्येची काय चूक?"

माझ्या कुंकवाची बोलणी ज्या बाईनं खाल्ली ती मला हे विचारत होती. तिला कळत होतं ती काय विचारते आहे, आणि मलाही कळलं. मी म्हणाले, "मावशी, मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

"व्हय," त्या म्हणाल्या. "चुकलंच."

त्या एका शब्दावर आमचं सगळं मिटलं. न्हाई-न्हाई, जाऊ द्या, असं म्हणाल्या असत्या तर ते मिटलं नसतं.

सोमवारी सकाळी मी मावशींना मशीनच्या खोलीत बोलावलं. रिकामी होडी त्यांनी चिमट्यानं ठेवली. आम्ही दोघी पडद्याकडे बघत उभ्या. आकडा आला तो त्या मशीनवर श्रावणापासून आलेल्या सगळ्या आकड्यांत खालचा होता. दुसरी होडी, तिसरी होडी, तसाच. मग आईचे उरलेले केस. आकडा पहिल्यापेक्षा पुष्कळ खाली आला, पण जिथे एक चिमणी नाही तिथल्या जनावरात जेवढा असू नये त्याहून कितीतरी वर. मग पिल्लाचे. सगळे केस एका होडीत जेमतेम झाले. पुन्हा करणं नाही, पुसणं नाही, शंका नाही. पिल्लातही पारा होता. जन्माला येतानाच घेऊन आलेला.

शेवटची होडी रिकामी चालवली. रिकामीच निघाली.

मृण्मयीला मी आकडे आणि चूक नोंदवलेला फॉर्म, दोन्ही पाठवलं. फॉर्म वाचून ती फोनवर आधी हसली आणि मग तिनं मला पुन्हा एकदा सगळं विचारून घेतलं. पहिला आकडा गेला असता तर अस्वलं आहेत त्याहून आजारी ठरली असती, आणि ज्या दिवशी ते खोटं ठरलं असतं त्या दिवशी खरा आकडाही कोणी मानला नसता. महिन्यानं तिनं कळवलं की परदेशातल्या प्रयोगशाळेचे आणि आमचे आकडे जुळले. नवलाख उंबऱ्याच्या कडेची प्रयोगशाळा, भाताच्या खाचरांच्या पलीकडची, आणि जुळले. मी त्या दिवशी अख्ख्या प्रयोगशाळेला चिक्की वाटली.

त्या पिल्लाचं पुढे काय झालं मला माहीत नाही. हॉटेलातल्या मुलीच्या बाळाचंही माहीत नाही. आमच्या धंद्यात आकडा कळतो, पुढचं कळत नाही.

रिपोर्टच्या मूळ कागदावर तीन सह्यांच्या जागा असतात. मान्यता देणारा, तपासणारा, आणि सगळ्यात खाली भांडी तयार करणारा. त्या खालच्या जागी आम्ही इतकी वर्षं नुसतं "हेल्पर" असं लिहून टिंब द्यायचो. त्या रिपोर्टवर मी टिंब दिलं नाही. कागद घेऊन मोरीपाशी गेले आणि म्हणाले, मावशी, इथे सही करा.

त्यांनी आधी मला सगळा कागद मराठीत वाचून दाखवायला लावला, आईचा आकडा, पिल्लाचा आकडा, रिकाम्या होडीचा आकडा. मग पेन हातात न घेता त्या नळाकडे वळल्या. हात धुतले. नंतर शुद्ध पाण्याच्या बाटलीनं तीनदा विसळले. मी रुमाल पुढे केला तर माझ्याकडे असं बघितलं की मी तो परत खिशात घातला. हात हवेत धरून वाळू दिले, आणि मग एकेक अक्षर काढत पूर्ण नाव लिहिलं.

निवृत्त होताना मला शाल-श्रीफळ मिळालं, ते कपाटात आहे. मागून घेतली ती फक्त त्या कागदाची आमच्याकडची एक मूळ प्रत. ती दिवाणखान्यात चौकटीत लावली आहे. आमच्या मुलाची पदवी असेल असं समजून पाहुणे जवळ जाऊन वाचतात. मावशींच्या नावाखाली पाण्याचा एक थेंब पडून कागद जरासा फुगलाय. हात पुरते वाळले नव्हते बहुतेक. त्या थेंबात काय होतं ते मी तपासलेलं नाही. जन्मात एवढी एकच गोष्ट मी तपासल्याशिवाय स्वच्छ आहे म्हणून सांगते.